रेंडर झालं, पण टीव्हीवर लागेना: डाविंची रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानाचा चार वर्षांचा अनुभव

मी बार्शीत घरूनच एडिटिंग करते. गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले पाच-सहा फोटोग्राफर शूटिंगची कार्डं आणून देतात. लग्नं असतात, डोहाळजेवणं असतात, आणि पंढरपूर जवळ असल्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे हरिनाम सप्ता चालू असतो, त्यातली कीर्तनं असतात. चार वर्षं झाली, हे सगळं काम डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर होतंय. त्याच्या एडिटिंगबद्दल आणि रंगांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते त्याच्या शेवटच्या पानाबद्दल, डिलिव्हरबद्दल. तयार फिल्मची फाइल बाहेर काढतात, म्हणजे रेंडर किंवा एक्सपोर्ट करतात, ते तिथून. कारण कापाकापी चुकली तर ती घरात बसून दुरुस्त करता येते. एक्सपोर्ट चुकलं तर ते पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीत, टीव्हीसमोर कळतं.

माझं मत आधीच सांगते. कामाचे पैसे घेऊन लोकांच्या हातात फाइल द्यायची असेल तर हे पान फार चांगलं आहे. बाकीच्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ एवढंच दिसतं. इथे सगळी बटणं समोर असतात. तुम्ही सांगाल तेवढं ते तंतोतंत करतं, त्यामुळे काय सांगायचं ते आपल्याला माहीत असावं लागतं. मला ते शिकायला पहिलं वर्ष गेलं.

थोडी ओळख. रिझॉल्व्ह मुळात रंगदुरुस्तीसाठी होतं. दा विंची सिस्टिम्स ही अमेरिकेतली कंपनी ते बनवायची. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती विकत घेतली आणि पुढे त्यातच एडिटिंग, आवाज, ग्राफिक्स असं एकेक जोडत नेलं. म्हणून पडद्याच्या तळाला पानांची रांग दिसते: मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट आणि शेवटी डिलिव्हर. फुकट आवृत्तीत ३८४० बाय २१६० आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं, वेळेची मर्यादा नाही. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरची आहे. ते पैसे एकदाच भरायचे, महिन्याचं भाडं नाही. माझा कॉम्प्युटर १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं. आमच्याकडच्या कामाला तेवढं पुरतं, पण कुठे कमी पडतं तेही पुढे सांगते.

पहिल्यांदा अडले ते पेनड्राइव्हवर. वैरागकडच्या एका गावातला सप्ता होता. काल्याचं कीर्तन, अडीच तासांचं. क्वालिटी ‘ऑटोमॅटिक’, ‘बेस्ट’ ठेवून एक्सपोर्ट केलं आणि फाइल झाली २२ जीबीची. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, कोरा. तरी कॉपी करताना विंडोज म्हणतंय, फाइल या ड्राइव्हसाठी फार मोठी आहे. मला वाटलं पेनड्राइव्हच बोगस निघाला. दुसरा आणला, तिथेही तेच. मग समजलं की बाजारात मिळणारे ३२ जीबीपर्यंतचे बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ड्राइव्हवर कितीही जागा असो. मी तो एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला. संध्याकाळी फोन आला, “ताई, आमच्या टीव्हीत पेनड्राइव्हच दिसंना.” जुने टीव्ही एनटीएफएस वाचतीलच असं नसतं, एक्सफॅटचंही तसंच. गावात द्यायचा पेनड्राइव्ह फॅट३२ असलेला बरा, आणि फाइल ४ जीबीच्या आत.

यावरचा इलाज डिलिव्हर पानावरच आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये क्वालिटीखाली ‘रिस्ट्रिक्ट टू’ निवडायचं आणि तिथे सेकंदाला किती किलोबिट, म्हणजे बिटरेट, ते लिहायचं. मी फुल एचडीसाठी ८००० लिहिते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जवळपास १ एमबी आणि मिनिटाला ६० एमबी. हा हिशोब तोंडपाठ झाला की एक्सपोर्टआधीच फाइलचं वजन सांगता येतं. आवाजाचे थोडे धरून ५० मिनिटांचा भाग ३.१ जीबीच्या आसपास बसतो. अडीच तासांचं कीर्तन तीन भागांत मावतं.

तीन भाग कुठे पाडायचे? पन्नासाव्या मिनिटाला डोळे मिटून कात्री चालवली तर महाराजांचं वाक्य मध्येच तुटतं. मी गजर शोधते. निरूपणाचा एक टप्पा संपतो, ‘विठोबा रखुमाई’ सुरू होतं, टाळकरी उभे राहतात, तिथे भाग संपवते. डिलिव्हर पानावर त्या जागी ‘आय’ आणि ‘ओ’ दाबून सुरुवात-शेवट खुणावायचे, ‘अ‍ॅड टू रेंडर क्यू’ दाबायचं. मग पुढच्या भागाची खूण, पुन्हा क्यूमध्ये. तिन्ही झाले की ‘रेंडर ऑल’. टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने मांडलेली पट्टी, कापावी लागत नाही, तीन प्रोजेक्ट करावे लागत नाहीत. हे मला फार आवडतं. मात्र या खुणा राहून गेल्या तर पुढच्या वेळी अख्खी फिल्म द्यायला जावं आणि तेवढाच तुकडा बाहेर यावा असं होतं. टाइमलाइनच्या वर ‘एंटायर टाइमलाइन’ आहे की ‘इन-आउट रेंज’, हे रेंडर करण्याआधी बघायचंच.

चित्र दिसतं पण आवाज नाही, ही तक्रार एका साखरपुड्याला आली. कॉम्प्युटरवर सगळं छान, मुलीच्या मामांच्या टीव्हीवर मुका चित्रपट. माझ्याकडून फॉरमॅट ‘क्विकटाइम’ राहिला होता आणि आवाजाच्या टॅबमध्ये ‘लिनिअर पीसीएम’. दर्जा त्याचा उत्तमच, पण घरगुती टीव्हीला तो पचेलच असं नाही. तेव्हापासून टीव्हीसाठी एमपी४, चित्र दाबायची पद्धत (कोडेक) एच.२६४, आवाजाची एएसी, ४८ किलोहर्ट्झ. एच.२६५ मध्ये त्याच दर्जाची फाइल बरीच लहान होते, मोहही होतो. पण दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही ती उघडेल याची खात्री देता येत नाही, आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं त्याच टीव्हीवर बघतात.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त रडवलं ती सांगते. एका नव्या सुनेची पहिली संक्रांत होती. काळी चंद्रकळा, त्यावर खड्यांची बारीक नक्षी, आणि अंगावर हलव्याचे दागिने: हार, बाजूबंद, बांगड्या, कानातली, सगळं पांढरं शुभ्र. एडिटिंगला यापेक्षा सुंदर आणि यापेक्षा अवघड फुटेज नाही. एकाच चौकटीत गडद काळं आणि लखलखीत पांढरं. मी दोन रात्री बसून त्याचे रंग लावले. साडीतली नक्षी दिसावी म्हणून सावल्या उचलल्या, हलव्याचा दाणा न दाणा वेगळा दिसावा म्हणून उजेड खाली घेतला. एक्सपोर्ट करून त्यांच्या घरी टीव्हीवर लावलं, तर साडी म्हणजे काळा डाग आणि दागिने म्हणजे पांढरा डाग. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सून म्हणाली, “छान आहे, काकू.” मला त्या ‘छान’चा अर्थ कळला.

कारण सापडायला आठवडा लागला. डिलिव्हरमध्ये व्हिडिओच्या टॅबखाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ मिटलेल्या असतात. त्यात ‘डेटा लेव्हल्स’ म्हणून एक ओळ आहे: ऑटो, व्हिडिओ, फुल. ‘फुल’ केल्याने दर्जा वाढतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि ते करून ठेवलं होतं. गोष्ट अशी आहे की ८ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ असे आकडे असतात, पण टीव्हीची जुनी रीत १६ ला पूर्ण काळं आणि २३५ ला पूर्ण पांढरं धरण्याची आहे. ‘फुल’ने लिहिलेली फाइल टीव्हीने आपल्या रीतीने वाचली की १६ च्या खालचं सगळं एकच काळं आणि २३५ च्या वरचं सगळं एकच पांढरं होतं. साडीची नक्षी त्या खालच्या आकड्यांत होती आणि हलवा वरच्या. माझी दोन रात्रींची मेहनत नेमकी तिथेच होती. ‘ऑटो’ करून पुन्हा एक्सपोर्ट केलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिलं. हलव्याचे बारीक काटेरी दाणे दिसले तेव्हा सासूबाईंनी टीव्ही थांबवायला लावला. हलवा त्यांनी स्वतः शेगडीपाशी बसून केला होता.

तेव्हा ‘ऑटो’ला हात लावू नका. ‘फुल’ची गरज पडते ती फाइल पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची असेल तेव्हा, आणि तेव्हा मागणारा माणूस तसं सांगतो.

फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचं, दुखणं मात्र डिलिव्हर पानावर दिसतं खरं, पण त्याचं मूळ पहिल्या दिवशी असतं. रिझॉल्व्हचा नवा प्रोजेक्ट सेकंदाला २४ फ्रेमचा उघडतो. आपल्याकडचे कॅमेरे पाल पद्धतीवर, २५ वर चालवतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि मांडवातल्या दिव्यांची फडफड त्यामुळे टळते. पहिली क्लिप टाइमलाइनवर टाकताना रिझॉल्व्ह विचारतं, क्लिपचा फ्रेम रेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का? मी घाईत ‘नको’ म्हटलं होतं. २४ च्या टाइमलाइनवर २५ चं फुटेज म्हणजे दर सेकंदाला एक फ्रेम गळते. बसलेल्या माणसात ते कळत नाही. पण दिंडी समोरून जात असताना कॅमेरा हळूहळू फिरवलेला होता, त्यात दर सेकंदाला एक बारीक हिसका बसत होता. मी एक्सपोर्टचे सगळे आकडे बदलून पाहिले, बिटरेट तिप्पट केला, कोडेक बदलला. हिसका जागचा हलला नाही, कारण तो फाइलमध्ये शिरण्याआधीच टाइमलाइनवर बसलेला होता.

एकदा प्रोजेक्टमध्ये फुटेज आलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, ती ओळ करडी होते. वाट एवढीच की नवी टाइमलाइन बनवताना ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’वरची खूण काढायची, फॉरमॅटमध्ये २५ लिहायचं आणि जुन्या टाइमलाइनवरचं सगळं उचलून तिथे चिकटवायचं. मग प्रत्येक काप पुन्हा तपासायचा. मला त्याला दीड दिवस लागला. आता नवा प्रोजेक्ट उघडला की कार्ड लावायच्या आधी मी २५ लिहिते.

मोबाइलच्या फुटेजची गोष्ट याहून वेगळी आहे. सप्त्यात तिसरा कॅमेरा म्हणून मंडपाच्या खांबाला कुणाचा तरी मोबाइल बांधलेला असतो. त्यावर ३० लिहिलेलं असतं, पण मोबाइल उजेडाप्रमाणे आणि उष्णतेप्रमाणे फ्रेम कमी-जास्त करत राहतो. कधी ३०, कधी २८. सुरुवातीला टाळीवर आवाज जुळवून घेतला तरी तासाभराने महाराजांचे ओठ आणि मिक्सरवरून घेतलेला आवाज वेगळे पडतात. यावर मी हँडब्रेक हे व्हिडिओ फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरते. तेही फुकट आहे. त्यात फ्रेम रेट ‘कॉन्स्टंट’ करून, आकडा ३० चाच ठेवून फाइल आधी सरळ करून घ्यायची आणि मगच रिझॉल्व्हमध्ये आणायची. दोन तासांच्या फाइलला माझ्याकडे बराच वेळ लागतो, म्हणून हे काम रात्री जेवणं झाल्यावर लावून ठेवते. इतकं करूनही शेवटी एक-दोन फ्रेमचा फरक राहिला तर तो रेकॉर्डरच्या आणि कॅमेऱ्याच्या घड्याळातला असतो. तो गजराच्या जागी एक काप देऊन मिटवता येतो.

रेंडर अर्ध्यात बंद पडणं हा सगळ्यांचाच अनुभव असेल. माझ्याकडे ते होतं तेव्हा बहुधा ग्राफिक्स कार्डची मेमरी भरल्याचा निरोप येतो. टाइमलाइनचं रिझोल्यूशन कमी करा किंवा रंगाचे थर कमी करा, असं तो निरोपच सांगतो, आणि ते खरं असतं. ४ जीबीच्या कार्डावर फोर-के टाइमलाइन, वर फ्यूजनमधली हलती नावं, हे मी मागणंच जास्त होतं. इथे डिलिव्हरची एक गोष्ट कामी येते: रेंडर कुठल्या फ्रेमवर थांबलं ते दिसतं. ती जागा टाइमलाइनवर काढायची. दर वेळी तिथे एखादं जड शीर्षक किंवा बिघडलेली क्लिप सापडते. त्या क्लिपवर उजवं बटण दाबून ‘रेंडर इन प्लेस’ केलं की ती एकटी आधी शिजून तयार होते, आणि मग अख्खी फिल्म सुरळीत पार पडते. सगळं पुन्हा पहिल्यापासून रेंडर करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. रेंडर ज्या ड्राइव्हवर जाणार आहे तिथली रिकामी जागाही बघून घ्यावी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा लांब रेंडर मी पहाटेच लावते.

फुकट आवृत्तीत एका ठिकाणी पाय अडकतो. काही इफेक्ट फक्त स्टुडिओचे आहेत, उदाहरणार्थ चेहरा उजळ करणारं ‘फेस रिफाइनमेंट’. यादीत ते दिसतात, लावताही येतात, पण त्या क्लिपवर शिक्का उमटतो आणि तो एक्सपोर्टमध्येही जातो. तीन तासांच्या लग्नात चार सेकंदांच्या एका क्लिपवर तो राहिला तर नजरेतून सुटतो. नवरीचा चेहरा मी आता साध्या रंगदुरुस्तीनेच करते, आणि मला तोच अधिक खरा वाटतो. चित्रातली खरखर काढायचं ‘नॉइज रिडक्शन’ही स्टुडिओतच आहे. रात्रीच्या वरातीसाठी त्याची उणीव खरंच भासते. स्टुडिओ घ्यायची झाली तर मी त्या एका कारणासाठी घेईन.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निमंत्रणांसाठी टाइमलाइन सेटिंगमध्ये ‘यूज व्हर्टिकल रिझोल्यूशन’ची खूण केली की १०८० बाय १९२० होतं. पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून टाकतं. यूट्यूबसाठी फुल एचडी, २५ फ्रेमला ८ एमबीपीएस हा त्यांनीच सुचवलेला आकडा आहे. मी तिथे १६ देते, कारण टाळ-मृदंगाच्या गर्दीत शंभर हात एकदम हलतात आणि यूट्यूब आपल्या परीने ते पुन्हा दाबतंच.

कुठलंही मोठं काम द्यायच्या आधी मी तीन ठिकाणचं एकेक मिनिट रेंडर करते: एक सगळ्यात अंधाराचं, एक सगळ्यात हालचालीचं, एक शेवटाकडचं बोलण्याचं. ते पेनड्राइव्हवर घालून स्वयंपाकघरातल्या जुन्या टीव्हीवर लावते. पहिल्यात रंग कळतात, दुसऱ्यात हिसके, तिसऱ्यात आवाज सरकलाय का ते. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि हे आकडे दर वेळी लिहावे लागत नाहीत. रेंडर सेटिंग्जच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवरून आपलं प्रीसेट, म्हणजे या सगळ्या आकड्यांचा संच, जपून ठेवता येतं. माझी तीन आहेत, त्यातली दोन सांगते. सप्त्याच्या पेनड्राइव्हचं असं: एमपी४, एच.२६४, प्रोफाइल ‘हाय’, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, ‘रिस्ट्रिक्ट टू’ ८०००, डेटा लेव्हल्स ‘ऑटो’, आवाज एएसी ३२० किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. लग्नाच्या टीव्हीचं अगदी तेच, फक्त १२०००. मात्र तिथे मिनिटाला ९० एमबी लागतात, म्हणून भाग ४० मिनिटांचे पाडते.